काशीत काय खावे, काय सोडावे

काशीयात्रा करून आलेल्या माणसाच्या हातून गंगेचा गडू घेण्याआधीच आपल्याकडे एक प्रश्न विचारला जातो, 'मग, काय सोडून आलात?' आपल्या आवडीचा एखादा पदार्थ काशीत गंगेला वाहायचा आणि पुन्हा जन्मात तोंडात घालायचा नाही, ही जुनी रीत. चतुर माणसे कारले किंवा पडवळ सोडून मोकळी होतात. आमची आजी चतुर नव्हती. १९६८ साली ती गावातल्या पाच-सहा बायकांबरोबर काशीला गेली आणि आंबा सोडून आली. पुढे सव्वीस उन्हाळे तिने आमच्यासाठी आमरस काढला. कोपरापर्यंत हात माखायचे, पण जिभेला थेंब लावला नाही. रस आंबट आहे की गोड हे ती आम्हा नातवंडांना विचारायची आणि त्याप्रमाणे साखर घालायची.

म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात आई जेव्हा म्हणाली, 'मला एकदा काशी दाखव,' तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आई अडुसष्ट वर्षांची. गुडघे कुरकुरणारे, साखर काठावर. तिच्या ताटातून आता आणखी काय कमी करायचे? मी मनाशी ठरवले की हिला काशीत जे जे चांगले मिळते ते खाऊ घालायचे. सोडायचे असेल ते तिने खुशाल सोडावे, पण भरल्या पोटाने.

आता हे ठरवणे सोपे, पण परक्या शहरात चांगले कुठे मिळते हे सांगणार कोण? तिथेच आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू मदतीला आल्या.

पाच घरांची चिठ्ठी

काकूंनी कपाटातून एक वहीचा कागद काढून दिला. १९९६ साली त्या काशीला गेल्या तेव्हा कुठे काय खाल्ले, ते त्यांनी त्यावर लिहून ठेवले होते. नंतर आमच्या इमारतीतून जो जो काशीला गेला, तो तो हा कागद घेऊन गेला आणि येताना त्यात भर घालून परत देता झाला. घड्यांवर कागद विरला होता, मागून चिकटपट्टी लावली होती. काकूंची निळी शाई, कुणाची हिरवी, कुणाची पेन्सिल. एका दुकानापुढे 'येथे अजिबात जाऊ नये' असे दोन रेघा मारून लिहिले होते आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात 'आम्हांस आवडले.' एका ठिकाणी नुसतेच 'रबडी!!!' दुकानाचे नाव नाही, गल्ली नाही. लिहिणाऱ्याची तेव्हाची अवस्था समजू शकते.

आजकाल हातातल्या फोनवर शेकडो लोकांचे अभिप्राय आणि चांदण्या दिसतात, हे मला ठाऊक आहे. पण चांदण्या देणाऱ्याचे पोट कसे, वय काय, त्याला तिखट सोसते का, हे कुठे कळते? काकूंना आम्ही ओळखतो. त्यांनी 'तिखट' म्हटले म्हणजे आम्हाला ते बेताचे लागणार आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांना घाम फुटणार, हा हिशेब आमच्या इमारतीत सर्वांना पाठ आहे.

पुण्याहून ज्ञानगंगा एक्स्प्रेसने आम्ही निघालो. मुंबईकरांना महानगरी एक्स्प्रेस सोयीची. दोन्हींना दिवसाहून अधिक वेळ लागतो, तेव्हा डबा घरचाच न्यावा. आमची गाडी 'बनारस' नावाच्या स्थानकावर थांबली. हे जुने मंडुवाडीह, नाव बदलले २०२१ मध्ये. मुगलसरायचेही २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले आहे. काकूंच्या चिठ्ठीत अर्थातच जुनी नावे होती, त्यामुळे आई प्रत्येक स्थानकावर 'मुगलसराय कधी गं येणार?' म्हणून विचारत राहिली.

पहिलाच घास चुकला

स्थानकापासून गोदौलिया चौकापर्यंत रिक्षा जाते. खांबावर बसलेला नंदी दिसला की उतरायचे. तिथून दशाश्वमेध घाट म्हणजे दहा मिनिटांची चाल, पण संध्याकाळच्या गर्दीत त्याची वीस मिनिटे होतात. आम्ही घाटाजवळच्या एका धर्मशाळेत सामान टाकले आणि दुपारच्या जेवणासाठी बाहेर पडलो. चिठ्ठी मी आईच्या पिशवीत ठेवली होती, आईची पिशवी खोलीत. तेवढ्यात एका रिक्षावाल्याने आमची बोली ऐकून हाक मारली, 'माताजी, मराठी खाना खाइएगा?'

घरापासून इतक्या दूर मराठी जेवण म्हटल्यावर आई हरखली. त्याने चांगली दोन किलोमीटरची प्रदक्षिणा घालून एका हॉटेलापुढे आणून सोडले. नाव लिहीत नाही. 'महाराष्ट्रीय थाळी' म्हणून जे पुढे आले त्यात पनीर होते, ढोबळी मिरची होती, पनीर पुन्हा एकदा होते आणि चामड्यासारख्या दोन रोट्या. आईने वरणाचा घास घेतला आणि म्हणाली, 'हे कुठल्या तालुक्यातलं?' बिल आले ते पुढच्या दोन दिवसांच्या न्याहारीएवढे. बाहेर पडताना पाहिले तर आमचा रिक्षावाला मागच्या दाराशी आरामात ताट घेऊन बसला होता, अर्थात आमच्याच पुण्याईवर.

राग आला, पण एक धडा मिळाला. 'चांगलं कुठे मिळतं?' असे परक्या शहरात विचारू नये. 'तुम्ही स्वतः कुठे खाता?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला प्रत्येक माणूस तुमचे कपडे पाहून उत्तर देतो. दुसऱ्या प्रश्नाला त्याला खरे सांगावे लागते.

हा दुसरा प्रश्न मी संध्याकाळी घाटावर एका नावाड्याला विचारला. म्हातारा गृहस्थ, अंगावर घोंगडीसारखी शाल. तो आधी हसला. मग म्हणाला, 'हमलोग तो सबेरे कचौड़ी खाते हैं, बिटिया. आठ बजे के पहले आना.'

उभ्याने खाण्याचे शहर

कचौडी म्हणजे आपल्याकडची फुगलेली, कोरडी, आठ दिवस टिकणारी कचोरी नव्हे. बनारसची कचौडी पुरीच्या नात्यातली. कणकेत उडदाच्या डाळीचे वाटण, तुपात किंवा तेलात तळलेली, छोटी आणि मोठी अशा दोन जातींची. सोबत हिंगाचा वास असलेली बटाटा-हरभऱ्याची रस्साभाजी, पानांच्या द्रोणात. आणि त्या भाजीच्या शेजारीच गरम जिलेबी. तिखटाच्या घासावर जिलेबीचा तुकडा, पुन्हा तिखट. सकाळी सकाळी जिलेबी म्हटल्यावर आईने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

दुकानात बसायला जागा नव्हती. बनारसमध्ये चांगल्या न्याहारीला बहुधा नसतेच. कढईभोवती अर्धवर्तुळ करून माणसे उभी, शेठ आणि हमाल एकाच रांगेत. आई मागे मागे राहत होती. सगळ्यांचे होऊ दे, मग आपण, ही तिची आयुष्यभराची सवय. कढईवरच्या माणसाने ते पाहिले, झारा वर केला आणि ओरडला, 'माताजी को पहले दो!' गर्दीने वाट दिली. कढईतून थेट द्रोणात, द्रोणातून थेट तोंडात. आईने पहिला घास घेतला, चटका बसला म्हणून तोंड उघडून फूंऽऽ केले आणि लहान मुलीसारखी हसली.

'इतकं गरम मी कधी खाल्लंय गं?' ती म्हणाली.

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरी पहिली पोळी बाबांना, मग मुलांना, मग पाहुण्यांना. आई शेवटी, उरलेल्या गार पोळीशी. हे मी चाळीस वर्षे होत आली तरी रोज पाहत होते आणि त्याकडे कधी पाहिले नव्हते.

पुढचे तीन दिवस आम्ही मनसोक्त खाल्ले. सगळेच सांगत बसत नाही, पण काही ठिकाणे सांगितलीच पाहिजेत.

ठठेरी बाजार हा चौक भागातला जुना बाजार. ठठेरी म्हणजे तांबट, तेव्हा ही काशीची तांबट आळीच. इथले 'राम भंडार' कचौडी-जिलेबीसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याची खरी मिजास तिरंगी बर्फीची. स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांत झेंडा फडकवायला बंदी, तेव्हा इथे केशराची, खव्याची आणि पिस्त्याची अशी तीन थरांची बर्फी निघाली. मिठाईला अटक कशी करणार? या बर्फीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बनारसी पानाला आणि लंगडा आंब्याला ते २०२३ मध्येच मिळाले आहे. लंगड्याचे नाव निघाले तेव्हा मला आजी आठवली. आंब्यासाठी काशी प्रसिद्ध आणि तिथेच जाऊन तिने आंबा सोडला. डिसेंबर असल्यामुळे आंबा अर्थातच दिसला नाही.

थंडीत गेलात तर सकाळच्या उन्हाआधी 'मलइयो' मात्र शोधून खा. आटवलेले दूध रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवतात, पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात आणि केशर-वेलदोडा घालून मातीच्या कुल्हडात भरून देतात. तोंडात घातला की काही नाही, नुसती चव उरते. फेस संपला की त्याच कुल्हडात वरून थोडे केशरी दूध ओततात. ऊन चढले की मलइयो बसतो, म्हणून विक्रेतेही लवकर उठून जातात. लखनौत यालाच निमिष म्हणतात आणि दिल्लीत दौलत की चाट. आईने तीन दिवसांत चार कुल्हड संपवले आणि प्रत्येक वेळी 'यात साखर कुठे दिसतेय?' असे मलाच विचारले.

थंडीतला दुसरा पदार्थ चूडा-मटर. पोहे, ताजे कोवळे मटार, तूप, आले, मिरे. पहिल्या घासालाच आईने निकाल दिला, 'हे आपलेच पोहे. हळद विसरलेत.' मग दुसरी प्लेट मागवून चूक पुन्हा तपासून पाहिली.

संध्याकाळी गोदौलियाला 'काशी चाट भंडार'पुढे गर्दी पाहून हबकू नका, ती पुढे सरकते. टोमॅटोची चाट ही इथली खासियत. टोमॅटो तव्यावर तुपात रटरटवून, उकडलेला बटाटा ठेचून घालून, मसाले, वरून जिऱ्याचा गोडसर पाक आणि चुरलेले कुरकुरीत काहीतरी. कागदावर ही कृती वाचून जे चित्र उभे राहते ते विसरा. मला विचाराल तर तिथली पाणीपुरी साधारण होती, आपली बरी. चाटीला मात्र जोड नाही. लक्सा रस्त्यावरच्या 'दीना चाट भंडार'चेही कट्टर भक्त आहेत. या दोघांत उजवे कोण, हा प्रश्न बनारसी माणसाला संध्याकाळी विचारू नये, रात्र तिथेच होते. चिठ्ठीवरही या बाबतीत दोन शाया आपसात भांडताना दिसतात.

बाटी-चोखा खायला वेगळा वेळ काढा. सत्तू भरलेले कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात, तुपात बुडवतात आणि भाजलेल्या वांग्याच्या, बटाट्याच्या, टोमॅटोच्या चोख्याबरोबर वाढतात. चोखा म्हणजे भरताचा थोरला भाऊ, मोहरीच्या कच्च्या तेलामुळे जरा झणझणीत. ते तेल सोसत नसेल तर आधीच सांगावे.

अन्नपूर्णेच्या दारात

दशाश्वमेध घाटावर बसून मराठी माणसाला परके वाटायचे काही कारण नाही. ब्रह्मदेवाने इथे दहा अश्वमेध केले ही कथा सर्वांना माहीत असते, पण आजच्या दगडी घाटाची बांधणी नानासाहेब पेशव्यांच्या काळातली, १७४८ च्या सुमाराची. शेजारचाच घाट अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा. विश्वनाथाचे आजचे मंदिर त्यांनीच बांधले, ते १७८० साली पुरे झाले. त्याहीआधी पैठणचे भट्ट घराणे इथे येऊन स्थायिक झाले होते. शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर गेलेले गागाभट्ट त्याच घराण्यातले. पंचगंगेकडच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट या वस्त्यांत पिढ्यानपिढ्या मराठी घरे नांदली. 'आज' या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक बाबुराव विष्णू पराडकर हे काशीतलेच मराठी. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे अखेरीस काशीत राहिले. त्यांच्या दानधर्माची नोंद १८२४ साली इथे आलेल्या बिशप हेबरने करून ठेवली आहे.

एवढे सगळे मराठीपण असूनही घाटाजवळ मराठी खाणावळ शोधू नका, असाच माझा सल्ला राहील. आमचा पहिल्या दिवशीचा अनुभव पुरेसा बोलका आहे. वरण-भाताची फारच आठवण झाली तर दक्षिणेकडच्या यात्रेकरूंसाठी चालणारी ठिकाणे पाहा. नाटुकोट्टै चेट्टियारांचे छत्र गोदौलियाजवळ एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि त्या परिसरात इडली, डोसा, सांबार-भात सहज मिळतो. बंगाली टोल्याच्या गल्ल्यांत बंगाली मिठाई. जो प्रांत काशीला आला तो आपली चूल बरोबर घेऊन आला.

आणि एका जागेला मात्र चुकू नका. विश्वनाथाच्या शेजारी अन्नपूर्णेचे मंदिर आहे, पहिल्या बाजीरावांच्या काळातले, १७२९ चे मानले जाते. हातात पळी घेतलेली देवी आणि तिच्यापुढे भिक्षापात्र धरून उभा असलेला साक्षात विश्वनाथ. या मंदिराच्या अन्नक्षेत्रात येईल त्याला विनामूल्य जेवण मिळते. काशीतून शंभरहून अधिक वर्षांपूर्वी चोरीला गेलेली अन्नपूर्णेची एक दगडी मूर्ती कॅनडातल्या रेजायना विद्यापीठाच्या संग्रहात सापडली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात काशीत परत आली, हेही तुम्ही वाचले असेल.

आम्ही पंगतीत बसलो. साधेच जेवण, भात, वरण, भाजी. वाढणारे हात भराभर पुढे सरकत होते. आमच्या एका बाजूला तेलुगू बोलणारे कुटुंब, दुसऱ्या बाजूला एक एकटाच म्हातारा साधू. आईने पान पुसून टाकावे इतके स्वच्छ केले. बाहेर आल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'सगळ्यांना वाढते, अगदी शंकरालासुद्धा. पण ही अन्नपूर्णा स्वतः कधी जेवली, ते कुठल्या पोथीत नाही बघ.'

मी म्हटले, 'असेल गं कुठेतरी.'

'मी तरी ऐकलं नाही,' आई म्हणाली आणि चपला शोधू लागली.

लस्सी आणि राम नाम

चिठ्ठीवर हिरव्या शाईत 'ब्लू लस्सी' असे लिहिले होते. कचौडी गल्लीतले हे निळ्या भिंतींचे चिमुकले दुकान १९२५ पासूनचे सांगतात. भिंतीवर जगभरच्या प्रवाशांनी आपले छोटे छोटे फोटो चिकटवले आहेत, कोरियन लिपीतले मजकूर तर कितीतरी. दही समोर घुसळतात, वर मलई आणि आवडीप्रमाणे फळे. मातीच्या कुल्हडाला बनारसमध्ये पुरवा म्हणतात. तो हातात घेऊन आम्ही बाकावर बसलो.

ही गल्ली मणिकर्णिकेकडे जाते. आईने दोन घोट घेतले असतील, तोच 'राम नाम सत्य है' असा गजर कानावर आला आणि बांबूच्या तिरडीवरचे एक प्रेत, झळझळीत पिवळ्या वस्त्रात, आमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावरून गेले. मागोमाग दुसरे. माझा घास घशात अडकला. आईने पुरवा बाकावर ठेवला, हात जोडले, मिरवणूक वळणाआड जाईपर्यंत तशीच राहिली. मग तिने पुरवा उचलला आणि उरलेली लस्सी सावकाश, चमच्याने तळाशी खरवडून संपवली. 'टाकायचं कशाला?' एवढेच म्हणाली. समोरच्या बाकावरची दोन परदेशी मुले तिच्याकडे बघतच राहिली.

मन हळवे असलेल्यांनी या दुकानात जाण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. लहान मुले बरोबर असतील तर त्यांच्या प्रश्नांची तयारी ठेवावी.

ओघात आलेच आहे तर इतर काळजीही सांगून टाकते. ठंडाईच्या दुकानात 'सादी' असे स्पष्ट सांगा. काशीत भांगेची सरकारी परवान्याची दुकाने आहेत आणि ठंडाईत भांग मिसळून देणे इथे कुणाला वावगे वाटत नाही. आमच्या चिठ्ठीवरच्या त्या 'रबडी!!!'चा मला आता जरा संशय येतो. पाणी बाटलीतले प्या. कापून ठेवलेली फळे नकोत, डोळ्यांदेखत कढईतून निघालेले सगळे चालेल. न्याहारी दहापर्यंत उरकते आणि चाट दुपारनंतरच सुरू होते, मधल्या वेळेत उगाच हिंडून पाय दुखवू नका. गल्ल्यांत वाहन जात नाही, तेव्हा वृद्धांबरोबर एका वेळी एकच ठिकाण ठरवा. घाटावरची आरती सूर्यास्तानंतर होते, पण पायरीवर बसायला जागा हवी तर तासभर आधी जावे लागते. तेव्हा हातात काळ्या मिठाचा लिंबू-चहा असावा, तो विकणारी पोरे पायऱ्यांवर फिरतच असतात. आणि पान शेवटी. बनारसी पानाची पाने बनारसमध्ये पिकत नाहीत, उत्तम मगही पान येते बिहारमधून. पण ते मुरवण्याची आणि लावण्याची कला इथलीच. तंबाखूचे की साधे, हे इथेही आधीच सांगायचे.

खोडलेल्या ओळी

काकूंच्या चिठ्ठीतली पहिलीच ओळ होती, लाहोरी टोल्यातले एक घर. घरच, दुकान नव्हे. तिथली बाई यात्रेकरूंना जेवण करून वाढायची, असे काकूंनी लिहिले होते. आम्ही शोधत शोधत गेलो तर तिथे गल्लीच नव्हती. विश्वनाथ धामाच्या बांधणीसाठी मंदिर आणि गंगा यांच्यामधली तीनशेवर घरे-दुकाने घेऊन पाडण्यात आली. १३ डिसेंबर २०२१ रोजी धामाचे उद्घाटन झाले. आता तिथे मोठे प्रशस्त चौक आहेत, दर्शनाची सोय पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली झाली आहे. आईसारख्या गुडघेदुखीच्या माणसाला ती सोय किती मोलाची, हे मी स्वतः पाहिले. तरीही त्या गुळगुळीत फरशीवर उभे राहून हातातल्या कागदावरची ती ओळ वाचताना चमत्कारिक वाटले. एका माळवाल्याला विचारले. त्याने हाताने सगळा चौक दाखवला, 'यहीं कहीं था.' मी पेनने ओळ खोडली नाही, शेजारी फक्त 'आता नाही' असे लिहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही लंकेवर गेलो. दचकू नका, बनारस हिंदू विद्यापीठाच्या दाराशी असलेल्या वस्तीला लंका म्हणतात. तिथे रविदास गेटजवळ 'पहलवान लस्सी' आणि 'चाची की दुकान' अशी दोन नावाजलेली दुकाने होती. चाचींच्या हयातीत त्यांच्या कचौडीइतक्याच त्यांच्या शिव्या प्रसिद्ध होत्या, माणसे मुद्दाम ऐकायला येत. पहलवानांच्या लस्सीवर रबडीचा थर इतका जाड की खाली लस्सी आहे हे विश्वासावर घ्यायचे. आईने ती अर्धी मला दिली, हे या यात्रेतले तिचे एकमेव पथ्य. मी चिठ्ठीवर लाल शाईत लिहिले, 'पहलवान लस्सी, लंका. एकीत दोघांनी.'

निघायच्या दिवशी पहाटे आई दशाश्वमेधच्या शेवटच्या पायरीवर उतरली. धुके इतके की नावा दिसत नव्हत्या, वल्ह्यांचा नुसता आवाज. तिने ओंजळीत पाणी घेतले, पुटपुटली आणि सोडून दिले. वर आल्यावर मी विचारले, 'काय सोडलंस?'

'सांगायचं नसतं,' ती म्हणाली आणि कचौडीच्या दुकानाकडे चालू लागली.

घरी आल्यावर मी तिच्यावर पाळत ठेवली. चहा चालू होता. भात चालू होता. साबुदाण्याची खिचडी, पुरणपोळी, भरले वांगे, सगळे पूर्वीसारखेच. मग मे महिना आला. आमच्याकडे आमरसाचे जेवण होते, घरची-पाहुण्यांची मिळून अकरा माणसे. माझे सगळे लक्ष आईच्या वाटीकडे.

ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, पहिल्या पंगतीत पाट ओढला आणि बसली. आम्ही सगळे बघत राहिलो. बाबा म्हणाले, 'अगं, वाढणार कोण?'

'वाढा की कुणीतरी,' आई म्हणाली. 'मी शेवटी जेवणं सोडलंय. काशीला.'

भावाने निमूट उठून पोळ्या लाटायला घेतल्या. त्या कुठल्या देशाच्या नकाशासारख्या झाल्या ते सोडा. आईने दोन वाट्या रस घेतला. आजीचे नाव कुणी काढले नाही, पण दुसरी वाटी तोंडाला लावताना आईने एकदा भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे पाहिले. आईचा हा नेम आठवड्यातून दोन-तीनदा मोडतो, पाहुणे आले की हमखास. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पहिल्या पंगतीला येऊन बसते.

जूनमध्ये, म्हणजे २०२५ च्या, वर्तमानपत्रात बातमी वाचली. रस्तारुंदीसाठी लंकेवरची दुकाने पाडली गेली, त्यांत पहलवान लस्सी आणि चाचींचे दुकान दोन्ही गेली. मी काकूंकडून चिठ्ठी मागून आणली आणि माझी लाल ओळ शोधली. सहा महिनेसुद्धा धड टिकली नव्हती. तिच्याशेजारी पुन्हा तेच दोन शब्द लिहिले.

या हिवाळ्यात तळमजल्यावरचे नवे जोडपे आईवडिलांना घेऊन काशीला निघाले आहे. चिठ्ठी न्यायला ती मुलगी आली तेव्हा आईने चष्मा लावला, कागद ओट्यावर पसरला आणि कोपऱ्यात उरलेल्या बोटभर जागेत लिहिले, 'कचौडी: आठच्या आत. कढईजवळ उभे राहावे, मागे थांबू नये.'